लसीकरणोत्तर केसगळती

लस घेतल्यानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत केस गळू लागण्याचा दुर्मीळ प्रकार. नाव एक असले तरी त्यात दोन वेगळे विकार येतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिला टेलोजेन एफ्लुव्हियम, म्हणजे सगळ्या डोक्यावरून होणारी विरळ गळती. एरवीही रोज ५० ते १०० केस गळतातच. ताप किंवा शरीरावरच्या मोठ्या ताणामुळे वाढीच्या अवस्थेतील बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. त्यामुळे सुई टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी कंगव्यात आलेल्या केसांचा दोष लसीच्या माथी मारता येत नाही. कारण मागच्या महिन्यांत शोधावे लागते. कोविडसारख्या तापाच्या आजारानंतर अशी गळती बऱ्याच जणांना होते.

दुसरा विकार म्हणजे चाई. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि गोल, गुळगुळीत चट्टे पडतात. कावीळ ब, एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) आणि कोविड यांच्या लसींनंतर चाई पडल्याच्या नोंदी आहेत. मात्र दर शंभरांपैकी सुमारे दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडतेच. कोट्यवधी लोक लस घेतात तेव्हा त्यांतल्या काहींना ती नेमकी त्याच सुमारास पडणार, हे उघड आहे.

तरीही सगळेच योगायोग म्हणून झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत रॉबर्ट वाइज व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लसीनंतर केस गळाल्याच्या ६० नोंदी प्रसिद्ध केल्या; त्यांपैकी ४६ जणांनी कावीळ ब ची लस घेतली होती. त्याहून बोलका आकडा १६ : इतक्या जणांचे केस एकाहून अधिक वेळा लसीकरणानंतर गळाले होते. लसीशी संबंध असावा अशी शंका घ्यायला हा सर्वांत सबळ आधार. पण अशा नोंदी लोक आपणहून करतात, त्यामुळे त्यांवरून प्रमाण काढता येत नाही.

विरळ गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून लांब केसांना पूर्ववत व्हायला बराच काळ जातो. चाईचे छोटे चट्टेही पुष्कळदा वर्षभरात भरून येतात; न भरल्यास त्वचारोगतज्ज्ञ स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. लसीला दोष देण्याआधी थायरॉइड, लोहाची कमतरता, बाळंतपण आणि चालू औषधे तपासली जातात. केवळ केस गळाले म्हणून पुढचा डोस सहसा टाळत नाहीत. प्रत्येक डोसनंतर तेच घडत असेल तर डॉक्टरांशी बोलून निर्णय घेतात.