आहारविकार आणि वजनाची रेषा : पार्श्वभूमी

आहारविकारांवरचे उपचार उशिरा का सुरू होतात, असे विचारले की लाज, लपवाछपवी आणि घरच्यांचे दुर्लक्ष ही कारणे लगेच पुढे केली जातात. ती कारणे खरीच आहेत. मात्र गेल्या चार दशकांत या उशिरात वैद्यकशास्त्राने स्वतः घालून घेतलेल्या एका नियमाचाही वाटा राहिला आहे: रुग्णाचे वजन ठरावीक रेषेच्या खाली गेल्याशिवाय त्याचा आजार पुरेसा मानायचा नाही. ही रेषा कोठून आली, ती का हलत राहिली आणि आजही पूर्णपणे का पुसली गेलेली नाही, हे पाहिले तर आजच्या उपचारांची आणि त्यांभोवतीच्या वादांची बरीचशी संगती लागते.

ही रेषा प्रथम अ‍ॅनोरेक्सियासाठी, म्हणजे खाणे टाळत वजन घटवत नेणाऱ्या आहारविकारासाठी, आखली गेली. या आजाराचे वर्णन जुने आहे. लंडनच्या एका वैद्याने १६८९ मध्ये क्षयरोगावरील आपल्या लॅटिन ग्रंथात क्षयाची नेहमीची लक्षणे नसताना झिजत गेलेल्या दोन तरुण रुग्णांची हकीकत नोंदवली. त्यांपैकी अठरा वर्षांची मुलगी दगावली, तर सोळा वर्षांचा मुलगा बऱ्याच अंशी सावरला. आजाराच्या पहिल्या नोंदींतच एक मुलगा असूनही पुढे तीन शतके हा केवळ मुलींचा आजार समजला गेला. पॅरिस आणि लंडन येथील दोन डॉक्टरांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे त्याचे सविस्तर वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव छापून आले. रुग्णाची काळजी घेण्यास नातेवाईक सर्वांत अयोग्य असतात, हे त्या काळचे मत होते आणि रुग्णाला घरापासून तोडणे हाच उपचार मानला जाई. १९१४ मध्ये पीयूष (पिट्युटरी) ग्रंथीच्या झिजेचे एक वर्णन प्रसिद्ध झाले, हा आजारही तोच समजला गेला आणि पुढची सुमारे दोन दशके अनेक रुग्णांवर मनाऐवजी अंतःस्रावांचे उपचार झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील एक प्रयोग आहारविकारांसाठी केलाच नव्हता, तरी आजच्या उपचारांचा पाया त्यात सापडतो. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे जगवायचे, हे समजून घेण्यासाठी १९४४-४५ मध्ये मिनेसोटातील एका विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत छत्तीस निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. विवेकबुद्धीला स्मरून युद्धात भाग घेण्यास नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण वजनापेक्षा त्यांच्या वागण्याच्या नोंदी अधिक बोलक्या आहेत. जी माणसे पूर्वी जेवणाकडे फारसे लक्षही देत नसत, ती पाककृतींची पुस्तके जमवू लागली, एकेक घास चघळत जेवण लांबवू लागली, ताटे चाटू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावर काहींना कितीही खाल्ले तरी थांबता येईना. आहारविकाराच्या रुग्णाचा हट्टी, लहरी किंवा लबाड स्वभाव म्हणून जे वर्षानुवर्षे वर्णिले गेले, त्यातील बराच भाग उपासमारीचाच परिणाम असतो, हे यातून दिसले. मेंदूला अन्न मिळाल्याखेरीज केवळ संभाषणातून फारसे साधत नाही, हे आजच्या मानसोपचारातील तत्त्व त्यावरच उभे आहे. या प्रयोगाच्या प्रमुख संशोधकानेच पुढे १९७२ मध्ये, एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकातील सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) हे नाव दिले. ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी सुचवले होते. एकेका रुग्णाच्या दुखण्याची खोली मोजण्यासाठी नव्हे.

त्याच वर्षी अमेरिकेतील काही मनोविकारतज्ज्ञांनी संशोधनासाठी निरनिराळ्या मनोविकारांचे काटेकोर निकष प्रसिद्ध केले आणि वादाचे मूळ तेथे आहे. अ‍ॅनोरेक्सियासाठी त्यांनी मूळ वजनाच्या किमान २५ टक्के घट आणि पंचविशीच्या आत सुरुवात अशा अटी घातल्या. हेतू साधा होता: वेगवेगळ्या शहरांतील संशोधक एकाच प्रकारच्या रुग्णांविषयी बोलत आहेत, याची खात्री हवी होती. संशोधनासाठी घातलेली ही चाळणी १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकार निदानपुस्तिकेत जवळजवळ तशीच उतरली आणि दवाखान्याचे दार ठरली. पाव वजन गमावेपर्यंत माणसाला निदानासाठी थांबायला लावणारी व्यवस्था आज वाचताना क्रूर वाटते.

१९८७ च्या सुधारित आवृत्तीत हा आकडा १५ टक्क्यांवर आला, तेव्हा निकष शिथिल झाल्याचे स्वागत झाले. त्या बदलात आणखी एक गोष्ट घडली आणि तिची चर्चा मात्र फारच कमी झाली. जुना निकष व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःच्या आधीच्या वजनाशी करत होता. नवा निकष तिची तुलना उंची आणि वयावरून ‘अपेक्षित’ मानलेल्या वजनाशी करू लागला. ज्यांचे वजन आजारापूर्वी अधिक होते, त्यांनी त्यातील तिसरा हिस्सा गमावला तरी ती माणसे तक्त्यात निरोगी दिसू लागली. उलट त्यांचे वजन उतरताना पाहून डॉक्टर, शिक्षक आणि नातेवाईक त्यांचे कौतुक करत राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते टक्केवारीवर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या निम्मीही या पायाबदलावर पडलेली नाही, आणि नुकसान मात्र याने अधिक केले. त्याच आवृत्तीत सलग तीन वेळा पाळी चुकण्याची अट आली. त्यामुळे पुरुष, लहान मुली, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांना हा निकष लावायचा तरी कसा, असा प्रश्न उभा राहिला. मुलग्यांना तर तो लागूच पडत नव्हता.

बुलिमियाची, म्हणजे झटक्यासरशी अतोनात खाऊन नंतर उलटी वगैरे करून ते भरून काढण्याच्या विकाराची, गोष्ट थोडी निराळी आहे. लंडनमधील एका मनोविकारतज्ज्ञाने १९७९ मध्ये तीस रुग्णांच्या आधारे या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन केले. यातील पुष्कळ रुग्णांचे वजन सर्वसाधारण असल्याने आजार घरातल्या घरात वर्षानुवर्षे दडून राहतो, हे ध्यानात आले. येथे वजनाऐवजी वारंवारतेची रेषा आखली गेली. आठवड्यातून किमान दोनदा, तीन महिने, असा तो नियम होता. दोनऐवजी एकदा अतिखाण्याचा झटका येणारी व्यक्ती कमी त्रासात असते, असा पुरावा नव्हता. तरीही हा नियम २०१३ पर्यंत टिकला.

दोन्ही रेषांचा परिणाम एकच झाला. जे कशातच बसत नव्हते, त्यांच्यासाठी ‘अन्यत्र न नोंदवलेला आहारविकार’ असा उरलासुरला गट होता आणि अनेक दवाखान्यांत तोच सर्वांत मोठा गट ठरला. उपचारांच्या चाचण्यांत मात्र याच गटातील लोकांना बहुधा वगळले जाई, त्यामुळे सर्वाधिक रुग्णांविषयीचे ज्ञान सर्वांत कमी अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. नव्वदच्या दशकात हाँगकाँगमधून आलेल्या नोंदींनी आणखी एक गृहीतक हलवले: तेथील कित्येक रुग्ण उपाशी राहत, पण त्यांना लठ्ठ होण्याची भीती नव्हती. पोट फुगल्यासारखे वाटते किंवा भूकच नाही, असे ते सांगत.

मानसोपचार याच काळात आकाराला आले. १९८१ मध्ये ऑक्सफर्डहून बुलिमियासाठीच्या संज्ञानात्मक वर्तन उपचारांचे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचे) पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णाला सुरुवातीलाच एक नोंदवही दिली जाते. खाल्ल्याबरोबर लगेच, दिवसाअखेरीस आठवून नव्हे, काय खाल्ले, कोठे, किती वाजता, त्या वेळी मनात काय चालले होते, खाणे हाताबाहेर गेले असे वाटले का, हे तिच्यात लिहायचे असते. पुढच्या भेटीत रुग्ण आणि उपचारक मिळून ते पान वाचतात. दिवसभर काही न खाल्ल्यावर संध्याकाळी झटका येतो, हे बहुतेकांना त्या पानावरच प्रथम दिसते आणि ठरल्या वेळी नियमित खाणे ही उपचाराची पहिली पायरी का असते, ते उमगते. २००३ मध्ये या पद्धतीचा विस्तार होऊन ती सर्वच आहारविकारांना लागू करण्यात आली. साधारणपणे वीस भेटी, आणि वजन फार कमी असल्यास चाळीस.

किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनमध्ये नेमका उलटा मार्ग निघाला. ज्यांना शंभर वर्षे दूर ठेवले गेले, त्या आईवडिलांच्याच हाती जेवणाची सूत्रे देण्यात आली. दुसऱ्या भेटीत कुटुंब उपचारकाच्या खोलीत जेवण घेऊन येते आणि मुलीची तयारी आहे त्याहून एक घास तरी अधिक तिला खायला लावण्यास आईवडिलांना मदत केली जाते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी वयाच्या आणि अलीकडेच आजारी पडलेल्या रुग्णांना याचा फायदा दिसला. २०१० मधील १२१ किशोरवयीनांच्या अमेरिकी चाचणीत उपचार संपल्यानंतर एका वर्षाने पूर्ण बरे असणाऱ्यांचे प्रमाण कौटुंबिक उपचारांत ४९ टक्के, तर वैयक्तिक उपचारांत २३ टक्के होते. आईवडील हे आजाराचे कारण आहेत, हा आधीच्या दशकांतील सिद्धांत त्यानंतर मागे पडला. मात्र उरलेल्या अर्ध्या मुलांचे काय, हा प्रश्न उपचारांच्या कौतुकात झाकला जातो.

२०१३ मध्ये निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली आणि बऱ्याच चुका सुधारल्या. पाळीची अट गेली, झटक्यांची अट आठवड्यातून एकवर आली, बिंज ईटिंग डिसऑर्डरला (अतिखाण्याचे झटके येतात, पण नंतर उलटी वगैरे केली जात नाही, अशा विकाराला) स्वतंत्र स्थान मिळाले आणि टक्केवारीच्या जागी ‘लक्षणीय कमी वजन’ असा शब्दप्रयोग आला. ज्यांचे वजन खूप घटले पण अजून कमी म्हणण्याजोगे नाही, त्यांना मात्र ‘अ‍ॅटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया’ म्हणून पुन्हा उरल्यासुरल्या गटातच बसवले गेले. शिवाय आजाराची तीव्रता बीएमआयवरून ठरवण्याची नवी प्रतवारी आणली. एका दारातून बाहेर काढलेला आकडा दुसऱ्या दारातून आत आला. ही संधी वाया घालवली गेली, असे म्हणणे भाग आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणि २०१९ मध्ये अमेरिकेतून आलेल्या किशोरवयीनांच्या अभ्यासांत या ‘अ‍ॅटिपिकल’ रुग्णांमध्येही नाडीचा वेग धोकादायकरीत्या मंदावल्याचे आढळले. किती वजन गेले आणि किती वेगाने गेले, यावरून धोका अधिक नेमका कळतो, आत्ता काट्यावर किती भरते यावरून नाही.

उपचार मागणाऱ्यासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. अ‍ॅनोरेक्सियातील मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या तुलनेत पाचपटींहून अधिक असल्याचे २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले आणि त्या मृत्यूंपैकी पाचातील एक आत्महत्येने झाला होता. दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम वाढवल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत मानसोपचारकाबरोबर रक्ततपासणी करणारा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ लागतात. वजन सर्वसाधारण असले तरी नाडी, रक्तदाब, पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घेण्याचा आग्रह धरता येतो, आणि गेल्या काही महिन्यांत वजन किती घटले हा आकडा डॉक्टरांना आपणहून सांगणे उपयोगी ठरते. ब्रिटनच्या २०१७ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी तर बीएमआय किंवा आजाराचा कालावधी अशा एकाच मोजमापावरून उपचार द्यायचे की नाही, हे ठरवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. २०१९ मध्ये सुमारे सतरा हजार रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात अ‍ॅनोरेक्सियाशी निगडित जनुकसंचातील आठ जागा सापडल्या आणि त्यांचा संबंध मनोविकारांबरोबरच चयापचयाशीही दिसला. महामारीच्या काळात अनेक देशांत किशोरवयीनांच्या रुग्णालयातील भरतीचे प्रमाण वाढले. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, इतर निकष पूर्ण होत असतील तर, सहा महिन्यांत एकूण वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक घट ही कमी वजनाच्या अटीची जागा घेऊ शकते, अशी मुभा दिली. म्हणजे १९८७ मध्ये सोडून दिलेली स्वतःच्या वजनाशी तुलना काही प्रमाणात परत आली. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेची त्याच वर्षीची सुधारित आवृत्ती मात्र बीएमआयवरील तीव्रतेची प्रतवारी कायम ठेवून आहे, त्यामुळे एकाच व्यक्तीला एका वर्गीकरणाप्रमाणे अ‍ॅनोरेक्सिया आणि दुसऱ्याप्रमाणे ‘अ‍ॅटिपिकल’ असे निदान मिळू शकते.