कर्नलच्या स्टॅकला ‘वजा’ पातळी नसते

उन्हाळा लागला की सोलापुरात घरोघरी एकाच आकड्याची चौकशी सुरू होते: उजनी किती? उपयुक्त साठा संपला की हा आकडा शून्यावर येतो आणि तरीही काही काळ पाणी मिळत राहते, कारण ११७ टीएमसीच्या त्या जलाशयातील ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्याचे आहे. म्हणूनच ‘उजनी वजा वीस टक्के’ असा मथळा वाचून कोणाला गणिताची चूक वाटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येही असाच सतत खालीवर होणारा एक साठा असतो. त्याला स्टॅक म्हणतात. मात्र त्याला मृतसाठा नसतो. शून्याच्या खाली थेट शेजाऱ्याची जमीन लागते.

स्टॅक म्हणजे चादरीच्या दुकानातील थप्पी. शेवटी ठेवलेली चादर आधी उचलावी लागते. प्रोग्रॅममधील एक फंक्शन दुसऱ्याला कामाला लावते, तेव्हा परत कोठे यायचे तो पत्ता आणि कामापुरती लागणारी माहिती या थप्पीवर ठेवली जाते आणि काम संपताच काढली जाते. एका फंक्शनच्या वाट्याला आलेल्या या जागेला फ्रेम म्हणतात. बहुतेक प्रोसेसरांवर ही थप्पी उलटी, म्हणजे मेमरीच्या वरच्या पत्त्यांकडून खालच्या पत्त्यांकडे वाढते. त्यामुळे वापर मोजताना थप्पीपेक्षा उतरत्या पाण्याचे चित्रच अधिक उपयोगी पडते.

आपण चालवतो त्या साध्या प्रोग्रॅमच्या स्टॅकला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सहसा ८ मेगाबाइटपर्यंत वाढण्याची मुभा असते. कर्नलच्या आतील स्टॅक मात्र ठरलेल्या मापाचा असतो आणि ६४ बिटच्या इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर हे माप आज १६ किलोबाइट आहे. ही काटकसर कंजूषपणाची नाही. प्रत्येक थ्रेडला, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला, स्वतःचा स्वतंत्र स्टॅक द्यावा लागत असल्याने दहा हजार थ्रेडांसाठी सुमारे १५६ मेगाबाइट मेमरी केवळ त्यातच अडकते, आणि ती प्रत्यक्ष रॅममधून कायमची बाजूला काढावी लागते.

मग नेमका किती स्टॅक लागतो, हे कसे मोजायचे? एक मार्ग प्रोग्रॅम न चालवताच मोजण्याचा आहे. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, सांगितल्यास प्रत्येक फंक्शनची फ्रेम किती बाइटची आहे याची यादी लिहून देतो, आणि ६४ बिटच्या लिनक्स कर्नलमध्ये साधारणपणे २०४८ बाइटपेक्षा मोठी फ्रेम आढळल्यास इशाराही मिळतो. ही मोजणी स्वस्त आहे आणि ढोबळ चुका लगेच पकडते. पण तिला एकेका चादरीची जाडी कळते, थप्पीची उंची कळत नाही. कर्नलमध्ये कोणत्या फंक्शनला बोलवायचे हे अनेकदा चालू असतानाच ठरते: फाइल कोणत्या फाइल सिस्टिमवर आहे, तिच्याखाली कोणते उपकरण आहे, यावर पुढची साखळी अवलंबून असते. लहान लहान पन्नास फ्रेमा एकावर एक आल्या, तर एकाही फंक्शनवर बोट ठेवता येत नाही आणि स्टॅक मात्र संपलेला असतो.

दुसरा मार्ग मला सर्वांत देखणा वाटतो. धरणाच्या काठावरील खडकांवर पाणी कोठवर पोहोचले होते याची रेघ राहते, आणि ती पाहण्यासाठी वर्षभर काठावर बसावे लागत नाही. कर्नल नेमके हेच करतो. नवा स्टॅक देताना त्यातील सर्व बाइट शून्याने भरलेले असतात. थ्रेड संपला की टोकाकडून मोजत येऊन पहिला बिगरशून्य शब्द (काही बाइटांचा गट) सापडेपर्यंत किती कोरी जागा उरली आहे ते पाहिले जाते, आणि उरलेली जागा आतापर्यंतच्या नीचांकापेक्षा कमी असेल, तर तशी नोंद होते. लहान यंत्रांतील फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही हीच युक्ती आहे. तेथे शून्याऐवजी ठरावीक खुणेचा बाइट भरला जातो. पद्धतीत एक खोट आहे. एखाद्या फंक्शनने मोठी जागा राखून तिच्या टोकाला काही लिहिलेच नाही, तर ती जागा कोरीच दिसते आणि वापर प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो.

शिवाय रेघ पातळी सांगते, पाणी कोणी उपसले ते सांगत नाही. त्यासाठी लिनक्समध्ये स्टॅक ट्रेसर आहे. तो फंक्शनच्या प्रवेशापाशी स्टॅकची खोली तपासतो आणि नवा उच्चांक दिसला की त्या क्षणाची संपूर्ण साखळी, प्रत्येक फ्रेमच्या मापासह, टिपून ठेवतो. तपासणी फ्रेम उभी राहण्याआधीच होते अशा रचनेत साखळीतील अगदी शेवटचे फंक्शन मोजणीतून निसटते. वेगावरही परिणाम होतो, तेव्हा हे साधन रोजच्या वापराचे नव्हे, तपासाचे आहे.

या साधनांचा आकडा झालेल्या वापराचा असतो, होऊ शकणाऱ्या वापराचा नव्हे. स्वस्थ बसलेल्या संगणकावर घेतलेले माप श्रावणात उजनीची पातळी पाहून मे महिन्याचे नियोजन करण्यासारखे आहे. मेमरी अपुरी पडल्यावर कर्नल जुनी पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, डिस्कवर पाठवू लागतो, त्यासाठी डिस्कचा कोड चालतो, त्या कोडला पुन्हा मेमरी लागते, आणि साखळी खोल जाते. २०१४ साली कर्नलवर काम करणारे मिंचान किम यांना मेमरीच्या अशाच ताणाखाली ३.१४ आवृत्तीचा कर्नल अधूनमधून कोसळताना आढळला. त्यांनी काही फंक्शनांच्या फ्रेमा बारीक करून पाहिल्या, पण एक वाट बुजवली की दुसऱ्या वाटेने स्टॅक ओसंडत होता. अखेरीस ३.१५ आवृत्तीत स्टॅकचे माप ८ वरून १६ किलोबाइट करण्यात आले.

शून्याखाली काय होते, हेही सांगायला हवे. पूर्वी थ्रेडची महत्त्वाची माहिती स्टॅकच्या तळाशीच ठेवलेली असे, आणि ओसंडलेला स्टॅक आधी तिच्यावर व मग शेजारच्या मेमरीवर गुपचूप लिहीत जाई. बिघाड उघड होई तो भलतीकडेच. टोकाला एक ठरावीक संख्या ठेवून ती बदलली का हे पाहण्याची सोय आहे (सोळा अंकी पद्धतीत लिहिल्यास ती इंग्रजी ‘स्टॅकएंड’सारखी दिसते, हा कर्नलकारांचा विनोद), पण ती नुकसान झाल्यावरच बोलते. २०१६ सालच्या ४.९ आवृत्तीपासून कर्नलकार अँडी लुटोमिर्स्की यांच्या कामामुळे स्टॅकच्या टोकाखाली एक पान मुद्दाम मोकळे सोडता येऊ लागले. त्याला स्पर्श होताच प्रोसेसर अपवाद उभा करतो, म्हणजे चालू काम थांबवून चूक झाल्याचे कर्नलला कळवतो. पण तो हाताळायलाही स्टॅक लागतो आणि तो तर संपलेला असतो. म्हणून प्रोसेसर दुहेरी अपवादाकडे, म्हणजे पहिला अपवाद हाताळतानाच चूक झाल्यास उठणाऱ्या अपवादाकडे वळतो, ज्याच्यासाठी वेगळाच लहानसा स्टॅक आधीपासून राखलेला असतो, आणि स्टॅक ओसंडल्याचा संदेश त्याच्यावरून लिहिला जातो.