दोन वायरी आणि पन्नासचा आकडा

गिरगावातल्या आमच्या घरी इंटरनेटच्या दोन वायरी येतात. एक केबलवाल्याची, गच्चीवरून लोंबकळत खिडकीतून आत शिरलेली. दुसरी फायबरची, २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा घेतलेली. दोन्ही ५० एमबीपीएसच्या. मग दोन्ही जोडून शंभर मिळवायची हाव सुटलीच. एक लॅपटॉपच्या लॅन पोर्टात खुपसली, दुसरी यूएसबी अडॅप्टर लावून. स्पीड टेस्टचा काटा पन्नासच्या पुढे हलेना. विंडोजचा हिशेब सरळ: ज्या वायरीचं मेट्रिक (वाटेला दिलेला ‘खर्चा’चा आकडा) कमी, वाट तीच. दुसरी नुसती राखीव.

गंमत म्हणजे फोनच्या तारेच्या काळात ही बेरीज जमत होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा मॉडेमचा वेग किलोबिटांत मोजायचा. एक तार पुरत नाही, हे दुखणं जगभर होतं. त्यावरचा तोडगा, मल्टिलिंक पीपीपी, १९९४ मध्ये कागदावर आला आणि १९९६ मध्ये सुधारला गेला. डेटाच्या पाकिटाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा, वेगवेगळ्या तारांवरून पाठवायचे आणि पलीकडे क्रमाने जुळवायचे. आयएसडीएन या डिजिटल फोनलाइनवर ६४ किलोबिटचे दोन पदर असे जोडून १२८ मिळत. साध्या मॉडेमने करायचं तर फोन दोन आणि बिलंही दोन!

त्याच सुमारास नासाच्या गोडार्ड केंद्रात डोनाल्ड बेकर आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १६ साधे कॉम्प्युटर जोडून बेओवुल्फ नावाचा एक मोठा कॉम्प्युटर उभा केला. प्रोसेसरच्या मानाने कॉम्प्युटरांना जोडणारं एक इथरनेट तोकडं पडतंय म्हणून त्यांनी दोन-दोन जोडली. अशा जोडणीसाठी पुढे २००० साली ८०२.३एडी हे मानकही आलं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: दोन्ही तारांचं दुसरं टोक एकाच्याच हातात. तुकडे शिवणारा शिंपी पलीकडे बसलेला. १९९८ पासून खासगी कंपन्या आल्या, मग गल्लोगल्ली केबलवाले, आणि तो शिंपी गेला. माझ्या दोन वायरी दोन कंपन्यांच्या, म्हणून इंटरनेटवरचे पत्तेही दोन. टीसीपी या डेटा पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत कनेक्शन दोन्हीकडच्या पत्ता आणि पोर्ट-क्रमांकांवरून ओळखलं जातं, त्यामुळे एकच डाउनलोड अर्धं इकडून, अर्धं तिकडून येणार कसं? दोन वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या दोन वायरी घेणारा, राउटर कनेक्शनं वाटून देतो, एकच कनेक्शन फोडत नाही. एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडणाऱ्या टॉरेंटला ते फळतं. बँकेच्या साइटला मध्येच दुसरा पत्ता दिसला, तर ती बाहेर काढू शकते.

एकच कनेक्शन अनेक वाटांनी नेणाऱ्या मल्टिपाथ टीसीपीने २०१३ मध्ये ही गाठ सोडवायला घेतली. ॲपलने त्याच वर्षी सिरीसाठी ते वापरलं, लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, यायला मात्र २०२० उजाडलं. तेही दोन्ही टोकांना हवं. समोरच्या साइटकडे नसेल, तर मधे एक भाड्याचा सर्व्हर घ्यायचा आणि शिंपीकाम त्याला सांगायचं. तो सिंगापुरात असेल, तर गिरगावातून दादरच्या माणसाशी बोलायलाही आधी सिंगापूर गाठा. मी तो नाद सोडला. ऑफिसचा लॅपटॉप फायबरवर, मुलांचा टीव्ही केबलवाल्यावर.