ताई महाराज खटला आणि मृत्युपत्रांच्या भांडणांची पार्श्वभूमी

७ ऑगस्ट १८९७. पुण्यात वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज पटकीने अंथरुणाला खिळले होते. पुण्यात आणि कोल्हापुरात मिळकती असलेले हे सरदार घराणे. बाबा महाराजांना मुलगा नव्हता, पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. शुद्ध आहे तोवर व्यवस्था लावायची म्हणून त्याच दिवशी मृत्युपत्र लिहिले गेले आणि त्याच दिवशी बाबा महाराज गेले. इस्टेट सांभाळायला विश्वस्त म्हणून नेमलेल्यांत एक नाव मित्राचे होते, बाळ गंगाधर टिळकांचे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जेमतेम तीन दिवसांपूर्वी जामिनावर सुटले होते.

या एका कागदाने टिळकांच्या आयुष्यातली तेवीस वर्षे खाल्ली. मृत्युपत्रावरून घरे का फुटतात, हे समजून घ्यायला आपल्याकडे याहून बोलके प्रकरण मला माहीत नाही. मात्र त्याआधी थोडे मागे जावे लागते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राला आज आपण म्हणतो तसे मृत्युपत्र ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात चालणाऱ्या मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जन्मानेच येतो. बाप गेल्यावर काय वाटायचे हा प्रश्नच उरत नाही, कारण मिळकत एकट्या बापाची कधी नव्हतीच. ज्याला मूल नाही त्याच्यासाठी शास्त्राने दत्तकाची वाट ठेवली होती. वंश, पिंडदान आणि मिळकत हे तिन्ही त्या एका विधीत बांधलेले होते. त्यातही आमच्या पश्चिम भागाची रीत वेगळी. नवऱ्याने मनाई केलेली नसेल, तर विधवेला त्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. बंगालात असे चालत नसे.

मृत्युपत्र रुजले ते बंगालात आणि इंग्रजांच्या शहरांत. बंगालच्या दायभाग पद्धतीत बाप हयातीत मिळकतीचा पूर्ण मालक असतो, त्यामुळे 'जिवंतपणी दान करता येते, तर मरताना का नाही?' हा प्रश्न तिथे सहज उभा राहिला. न्यायालयांनी मृत्युपत्राला दानाच्या नियमांत बसवून ते मान्य केले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतल्या सधन घरांनी इंग्रजी वकिलांकडून असे कागद करून घ्यायला सुरुवात केली.

या वाटचालीतला सर्वांत मोठा खटला टागोर घराण्याचा. प्रसन्नकुमार टागोरांचा एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. पुढे तो विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला, ती पदवी मिळवणारा पहिला भारतीय. वडिलांनी मृत्युपत्रात त्याला काहीही ठेवले नाही. मिळकत पिढ्यान्पिढ्या ठरावीक पुरुष वारसांकडेच जात राहावी, अशी लांबलचक साखळी त्यांनी लिहून ठेवली. १८६८ मध्ये ते वारले आणि १८७२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाचा, निकाल आला. हिंदूला मृत्युपत्र करता येते, हे त्यात पक्के झाले. पण जो अजून जन्मलाच नाही त्याला दान देता येत नाही आणि कायद्याला अनोळखी असा वारसाहक्काचा नवा प्रकार कोणालाही स्वतःच्या मर्जीने निर्माण करता येत नाही, हेही ठरले. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या मिळकतीवर किती लांब पोचू द्यायचा, त्याची मर्यादा त्या निकालाने आखली. मुलाला वगळण्याचा वडिलांचा हक्क मात्र शाबूत राहिला.

याच सुमारास, १८७० मध्ये, हिंदू विल्स अॅक्ट आला. तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखाला आणि मद्रास व मुंबई या दोन शहरांना लागू होता. मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर साक्षीदार हवेत आणि त्याच्या आधारे हक्क सांगायचा तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला हवा, हे नियम या भागांपुरते बंधनकारक झाले. पुणे, सातारा, नाशिक यांना ही सक्ती नव्हती. १८८१ च्या कायद्याने तिथल्या लोकांना हवे असल्यास प्रोबेट घेण्याची सोय केली, एवढेच. पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात हे सगळे एकत्र आले, तरी प्रोबेटच्या सक्तीची भौगोलिक रेघ तशीच राहिली. सक्तीचे कलम २१३.

बाबा महाराजांचे मृत्युपत्र पुण्यातले. प्रोबेटची सक्ती नसतानाही विश्वस्तांनी ते घेतले. गाडी पुढे अडली ती याच ठिकाणी.

जानेवारी १८९८ मध्ये ताई महाराजांना मुलगा झाला आणि दोनएक महिन्यांत गेला. मृत्युपत्रात ही शक्यता धरलेली होती. मूल जगले नाही तर विश्वस्तांच्या मताने दत्तक घ्यावा, असे त्यात होते. टिळक तेव्हा तुरुंगात होते. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटल्यावर त्यांनी इस्टेटीत लक्ष घातले. कर्ज होते, म्हणून खर्चाला कात्री लागली आणि वाड्यातली मने तिथूनच दुखावत गेली. जून १९०१ मध्ये टिळक आणि दुसरे विश्वस्त दादासाहेब खापर्डे ताई महाराजांना घेऊन औरंगाबादला गेले. तिथे, निजामाच्या राज्यातल्या घराण्याच्या शाखेतला जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला. पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांतच ताई महाराजांनी हे दत्तविधान नाकारले. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात त्यांनी बाळा महाराज या दुसऱ्या मुलाला दत्तक घेतले. विश्वस्तांपैकीच एक, नागपूरकर, आता त्यांच्या बाजूला होते आणि कोल्हापूर दरबाराची सहानुभूतीही तिकडेच होती.

प्रोबेट रद्द करावे असा ताई महाराजांचा अर्ज पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांच्यापुढे आला. एप्रिल १९०२ मध्ये अॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि तेवढ्यावर न थांबता टिळकांवर खोटी साक्ष, खोटा दस्तऐवज अशा आरोपांखाली फौजदारी खटला चालवण्याची व्यवस्था केली. प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने फिरवला, पण फौजदारी खटला चालूच राहिला. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. शेवटी मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती पूर्णपणे रद्द केली. एका मित्राच्या मिळकतीची जबाबदारी घेतल्याची ही किंमत.

दिवाणी दावा वेगळा चालला. औरंगाबादला दत्तविधान झाले की नाही, हा त्यातला एकच खरा प्रश्न होता. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 'झाले' म्हटले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने 'झाले नाही' म्हटले, तेव्हा टिळक मंडालेत होते. मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा 'झाले' म्हटले. लॉर्ड शॉ यांच्या त्या निकालातला एक भाग आजही आपल्या न्यायालयांत वाचून दाखवला जातो. एखाद्या साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल तर तो पिंजऱ्यात उभा असतानाच त्याला तसे विचारले पाहिजे, खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे. न विचारता मागाहून निकालपत्रात खोटा ठरवणे हा न्याय नव्हे. उच्च न्यायालयाने टिळक आणि त्यांच्या सोबत्यांना नेमके असे खोटे ठरवले होते.

भांडण तरीही संपले नाही. जुलै १९२० मध्ये टिळक पुण्याहून मुंबईला आले ते याच इस्टेटीच्या कोर्टाच्या कामासाठी. तिथून ते परत गेले नाहीत. १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

हा इतिहास आपण टिळकांच्या बाजूने वाचतो आणि त्यांच्यावर अन्याय झाला हे खरेच आहे. पण मला नेहमी ताई महाराजांकडे थांबावेसे वाटते. ऐन तारुण्यात वैधव्य, दोन महिन्यांचे बाळ गेलेले, घरात कर्ज आणि भोवती सल्लागारांची गर्दी. मृत्युपत्राने त्यांना दत्तक घेण्याचा अधिकार दिला, पण तोही इतरांच्या मताने. आपल्या भागातल्या रूढीने विधवेला दिलेली मोकळीक त्या कागदाने आवळली होती. शिवाय दत्तक मांडीवर बसला की मिळकत त्याची, आईचा हक्क पोटगीपुरता. एका बाजूने औरंगाबाद, दुसऱ्या बाजूने कोल्हापूर, आणि मधे ज्यांच्या सहीवर दोन्ही बाजूंचे सगळे अवलंबून होते त्या बाईंना स्वतःचे असे काहीच मिळणार नव्हते. १९०३ मध्येच त्या गेल्या. पुढची सतरा वर्षे खटला त्यांच्या नावाने ओळखला गेला.

या प्रकारच्या भांडणांचे मूळ उपटले गेले ते १९५६ मध्ये. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला होता, तोही हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने सांगितले की, दत्तकापूर्वी जी मिळकत एखाद्याकडे आली आहे ती दत्तक मुलाला काढून घेता येणार नाही. ही दोन कलमे १९०१ मध्ये असती, तर औरंगाबादला जाण्याची घाई कोणालाच झाली नसती. मात्र एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा १९५६ च्याच कायद्याने दिली. जन्माने मिळालेला हक्क आणि मरताना केलेली इच्छा यांची नवी टक्कर तिथून सुरू झाली. २००५ मध्ये मुलींना जन्मजात समान हिस्सा मिळाला, तेव्हा अनेक घरांत मुलींना वगळणारी मृत्युपत्रे बाहेर आली. हे दुःख मला जवळून माहीत आहे. कागद कायदेशीर असतो, पण बहिणीला तो भावाने लिहून घेतलेला वाटतो, आणि पुष्कळदा तिचे वाटणे बरोबर असते.

न्यायालयांनाही तसे वाटू शकते. सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात या शंकेला नियमाचे रूप दिले. निकालपत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचे, म्हणजे आपल्याच मातीतल्या माणसाचे. ज्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला त्यालाच किंवा त्याच्या घरच्यांना त्यातून मोठा फायदा होत असेल, सही थरथरती असेल, जवळच्या वारसांना विनाकारण वगळलेले असेल, तर नुसती सही सिद्ध करून भागत नाही. न्यायालयाच्या मनातली शंका मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच दूर करायची असते.

आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक मृत्युपत्रात एक वाक्य असते: हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवत आहे. खाली डॉक्टरांचा दाखला, प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा, शेवटी दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. वाद झाला तर हे छापील वाक्य कोणालाच वाचवत नाही. लिहिणाऱ्याने आपल्यासमोर सही केली आणि आपण त्याच्यासमोर केली, एवढे सांगायला त्या दोघांपैकी किमान एकाने न्यायालयात उभे राहावे लागते.

गोव्यात चित्र निराळे आहे. पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतून तिथे मुले, आईवडील अशा जवळच्या वारसांसाठी अर्धा वाटा राखीव असतो. बापाला मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावता येते. टागोरांनी मुलाला जसे पूर्ण वगळले, तसे तिथे सहसा करता येत नाही. मुसलमानी कायद्यातही वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही. हिंदू कायद्यात स्वकष्टार्जित मिळकतीवर अशी कसलीच मर्यादा नाही. मला ही उणीव वाटते.

१८७० च्या रेघेचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. मुंबईची हद्द वाढली तशी रेघही सरकली. मुलुंडच्या चेकनाक्याच्या अलीकडच्या फ्लॅटसाठी प्रोबेट सक्तीचे, पलीकडे ठाण्यात त्याच माणसाने तिथल्या घरासाठी केलेल्या मृत्युपत्राला नाही, अशी स्थिती अनेक दशके होती. मुंबईत अर्ज करायचा, वारसांना नोटिसा जायच्या, कोणी कॅव्हेट घालून हरकत घेतली की अर्जाचा दावा व्हायचा आणि वर्षे जायची. कोर्ट फी ७५,००० रुपयांपर्यंत. धर्मानुसारही फरक होता. मुसलमानांना सक्ती नव्हती, भारतीय ख्रिश्चनांची ती २००२ मध्ये उठली, हिंदू आणि पारशी यांच्यावर मात्र राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ काढूनच टाकले.

मुंबईकरांचा मोठा त्रास यामुळे वाचला आहे. पण प्रोबेटच्या सक्तीने एक गोष्ट होत असे. माणूस गेल्यानंतर थोड्याच अवधीत, साक्षीदार हयात असताना, मृत्युपत्र एकदा न्यायालयात सिद्ध होऊन जाई. आता ते कपाटात राहू शकते आणि पंधरा-वीस वर्षांनी इमारत पुनर्विकासाला निघाली की बाहेर येऊ शकते. जुन्या दस्तऐवजांना तीस वर्षांनंतर मिळणारी खरेपणाची गृहीतके मृत्युपत्राला मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे. दोन्ही साक्षीदार वारलेले असतील, तर त्यांच्यापैकी एकाची आणि मृत्युपत्र करणाऱ्याची अक्षरे ओळखणारा कोणीतरी शोधावा लागतो.