थेरपी म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा?

'जिवलग मित्र असला की समुपदेशकाची गरज पडत नाही,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. मित्राशी बोलून हलकं वाटतं हे खरंच, म्हणून तो पटतोही. पण हलकं वाटणं वेगळं आणि त्रास कमी होणं वेगळं.

पॅनिक अटॅकचंच घ्या. छाती धडधडते, 'हार्ट अटॅक येणार' असं वाटतं आणि माणूस बस, लिफ्ट टाळू लागतो. मित्र 'काही होणार नाही रे' म्हणतो. भीती तेवढ्यापुरती ओसरते, टाळणं चालूच राहतं. आणि टाळल्यानेच भीती टिकते, कारण धडधड आपोआप थांबते हे अनुभवायची संधीच मिळत नाही. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) या पद्धतीत हृदय, थायरॉईड यांचा त्रास नाही हे आधी डॉक्टरांकडून तपासून घेतात. मग जागच्या जागी मिनिटभर धावून धडधड मुद्दाम आणतात आणि ती ओसरेपर्यंत थांबतात. पुढे बसने एक थांबा, मग दोन. साधारण 8 ते 15 सत्रं लागतात, पण खरं काम मधल्या आठवड्यात घरी होतं. गृहपाठ राहिला की प्रगती अडते.

आपली थेरपी नुसत्या गप्पा नाहीत ना, हे पडताळायचं तर थेरपिस्टला पहिल्या भेटींतच विचारा: ध्येय काय, पद्धत कोणती, सत्रं अंदाजे किती, फरक मोजणार कसा? नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची, 0 ते 27 गुणांची प्रश्नावली आहे. सुरुवातीला आणि दर काही आठवड्यांनी भरून गुण ताडून पाहा. सहा-आठ सत्रांनंतरही काही हललं नाही तर थेट सांगा. पद्धत बदलता येते, थेरपिस्टही.