नंबर कोण फिरवतं? डोंगलचं इंटरनेट घरभर वाटण्याची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या एखाद्या घरात आज कुणी "नेट गेलं" म्हणालं की दुसरं कुणीतरी फोनचा हॉटस्पॉट चालू करतं. दोन मिनिटांत लॅपटॉप आणि टीव्ही पुन्हा सुरू होतात आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. पण डोंगलमधून, म्हणजे सिम घालून यूएसबीत खोचायच्या बोटभर मोडेममधून, येणारं इंटरनेट घरातल्या दोन-तीन कॉम्प्युटरांना बिनतारी वाटून द्यायचं, ही साधारण २००९ ते २०१३ या काळात भलतीच खटपटीची गोष्ट होती. त्या काळातले शब्द अजून आपल्या तोंडात आहेत, आणि अर्धा गोंधळ त्या शब्दांमुळेच होतो.

डायल-अपचा काळ इथे सोडून देतो. १५ ऑगस्ट १९९५ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं, मोडेम किंचाळायचा, नेट चालू असेतो घरचा फोन अडकून पडायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळातली एकच गोष्ट पुढे कामाला येते. १९९९च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' नावाची सोय आली. एका कॉम्प्युटरने नंबर फिरवायचा, बाकीच्यांनी त्याच्यामागे उभं राहायचं. पुढारी कॉम्प्युटर स्वतःला १९२.१६८.०.१ हा आयपी पत्ता (जाळ्यातला ओळखीचा क्रमांक) घ्यायचा आणि मागच्यांना पुढचे पत्ते वाटायचा. बाहेरच्या जगाला मात्र एकच पत्ता दिसायचा, मागे कितीही जण असोत.

त्यानंतर केबलवाल्याचं नेट आलं. ठाण्यात नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर निळ्या-करड्या वायरी लोंबकळत असत. या जोडणीचा नियम होता एक खातं, एक कॉम्प्युटर. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, केबलवाल्याकडे नोंदवलेला असायचा, त्यावर लॉग-इनचा वेगळा प्रोग्राम. दुसरा कॉम्प्युटर लावला की नेट बंद. ज्यांनी राउटर घेतला त्यांनी त्यात 'मॅक क्लोन' असं बटण शोधून काढलं आणि राउटरला जुन्या कॉम्प्युटरचा मुखवटा चढवला. ही चोरी होती का? केबलवाल्याच्या मते होती. माझं मत उलट आहे. घरात पाणी आल्यावर किती नळ लावायचे ते घरवाला ठरवतो, आणि महिन्याचे पैसे तर भरलेले होतेच. एवढं मात्र खरं की एक जोडणी म्हणजे एक माणूस, हा हिशेब विकणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसला आणि डोंगल आलं तेव्हाही तो तसाच होता.

डोंगल ठाणे-नवी मुंबईत जोरात खपलं त्याला कारणं होती. नव्या इमारतींपर्यंत लँडलाइनची तांब्याची तार वेळेत पोचत नव्हती. शिवाय भारनियमन. मुंबईत वीज असायची, मुलुंडचा चेकनाका ओलांडला की वेळापत्रक सुरू. वीज गेली की जिन्यातला केबलवाल्याचा स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारी पेटी, मरायचा. घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, कारण नेट जिन्यातच अडकलेलं. लॅपटॉपला खोचलेलं डोंगल मात्र बॅटरी संपेपर्यंत चालायचं.

आधी सीडीएमएवरची (मोबाइल नेटवर्कच्या दोन घराण्यांपैकी हे एक, दुसरं जीएसएम) डेटा कार्डं होती, ज्यांचा वेग कागदोपत्रीसुद्धा १५३ केबीपीएसच्या पुढे जात नव्हता. २००४च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठरवली होती, म्हणजे त्या कार्डांना ब्रॉडबँड म्हणणं हा निव्वळ उत्साह. (ही मर्यादा २०१३मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३मध्ये २ एमबीपीएस.) २००९च्या आसपास त्याच सीडीएमएची सुधारलेली जात आली. खोक्यावर ३.१ एमबीपीएस छापलेलं असे, मिळे त्याचा तिसरा हिस्सा, तोही खिडकीजवळ. यातल्या एका कंपनीचं मोठं आवार कोपरखैरण्यात, म्हणून नवी मुंबईत तिचं सिग्नल सगळ्यात भारी असणार अशी एक समजूत होती. तिला आधार काय, ते कुणी सांगत नसे. मुंबईत सरकारी कंपनीचं थ्रीजी २००९मध्ये सुरू झालं. खासगी कंपन्यांना २०१०च्या स्पेक्ट्रम लिलावाची वाट पाहावी लागली. तो लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला, आणि सरकारला त्यातून सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. खासगी थ्रीजी प्रत्यक्ष हातात यायला २०१०ची अखेर उजाडली.

आता त्या शब्दाकडे. डोंगल हा शब्द मुळात इंटरनेटचा नाहीच. महागडं सॉफ्टवेअर कुणी फुकट कॉपी करू नये म्हणून कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टाला जी डबी लावायची, ती डोंगल. मराठी डीटीपीवाल्यांना ती चांगली आठवत असेल. फॉन्टच्या पॅकेजबरोबर यायची, ती काढली की कीबोर्डावर मराठी उमटायचं बंद. आपल्याकडे तिला सरळ 'लॉक' म्हणत. अशा डब्या विकणाऱ्या एका परदेशी कंपनीने १९९२च्या जाहिरातीत हा शब्द डॉन गॉल नावाच्या माणसावरून आल्याची थापही मारली होती. असा माणूस कधी नव्हता. शब्द मात्र यूएसबीत खोचायच्या कुठल्याही बोटभर वस्तूला चिकटला.

कंपन्यांनी आपापली नावं लावून पाहिली. डेटा कार्ड, नेट सेटर, इंटरनेट स्टिक. गिऱ्हाइकाने सगळ्यांचं डोंगल करून टाकलं. इथवर ठीक होतं. मग कुणीतरी त्याच्यापुढे 'वाय-फाय' लावलं आणि घोळ झाला. ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७मध्ये "वाय-फाय डोंगल द्या" म्हटलं की तीनपैकी काहीही हातात पडू शकत होतं. पहिलं, डेस्कटॉपला वाय-फाय पकडता यावं म्हणून लावायचा अडाप्टर. त्यात सिमच नसतं, म्हणजे ते नेट आणत नाही, फक्त असलेलं पकडतं. दुसरं, सिम घालून यूएसबीत खोचायचं डोंगल, जे स्वतः वाय-फाय सोडतं, पण वीज मात्र लॅपटॉपची किंवा चार्जरची खातं. तिसरं, साबणाच्या वडीएवढा बॅटरीवाला राउटर, जो खिशात घालून लोकलमध्येही चालतो. तिन्हींची किंमत वेगळी, काम वेगळं, नाव एकच. घरी नेऊन खोकं उघडलं की कळायचं की काकांनी दुसरंच आणलंय. दुकानदारही काही सांगत नसे, कारण त्याच्या लेखी तिन्ही डोंगलच.

या गुंत्यातून वाट काढायला त्या काळी एक प्रश्न पुरायचा: नंबर कोण फिरवतं? साधं डोंगल म्हणजे नुसता मोडेम. लॅपटॉपला लावलं की आधी ते सीडी असल्याची बतावणी करायचं, त्यातून स्वतःचा प्रोग्राम बसवायचं, आणि मग मोडेम व्हायचं. लिनक्सवाल्यांचे कित्येक रविवार ही सीडी उतरवून मोडेम जागा करण्यात गेले. त्यानंतर 'कनेक्ट'चं बटण दाबलं की लॅपटॉप आतल्या आत नंबर फिरवायचा. जीएसएम घराण्यात *९९#, सीडीएमएत #७७७. म्हणजे १९९५चाच डायल-अप, फक्त किंचाळणं गेलेलं. नंबर लॅपटॉप फिरवत असल्यामुळे नेटही त्या लॅपटॉपचंच. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला ते हवं असेल तर पहिल्याच्या दाराशी जावं लागे.

आणि पहिल्याचं दार कुरकुरत उघडायचं. विंडोज एक्सपीत दोन कॉम्प्युटरांमध्ये राउटरशिवाय 'अ‍ॅड हॉक' जाळं बांधता यायचं आणि त्यावर १९९९मधलीच शेअरिंगची सोय लावायची. जमलं तर छान. मात्र एक्सपीत या जाळ्याला सहसा वेप नावाचं जुनं कुलूप लागे, जे २००७पर्यंत मिनिटभरात फोडता येऊ लागलं होतं. पहिला लॅपटॉप झोपला की दुसऱ्याचं नेट गेलं. "कुणीही माझा लॅपटॉप बंद करायचा नाही" अशी ताकीद देऊन आंघोळीला जाणारा भाऊ त्या वर्षांत घरोघरी होता. अँड्रॉइड फोनला तर अ‍ॅड हॉक जाळी दिसतच नसत, त्यामुळे नवा फोन घेणाऱ्यालाच घरात नेट नाही. विंडोज ७मध्ये आभासी राउटर बनवायची सोय आली, पण ती काळ्या खिडकीत लांबलचक आज्ञा टाइप करून. ज्याला ती आज्ञा पाठ, तो सोसायटीतला इंजिनिअर. पत्ताही बदलला, १९२.१६८.०.१चा १९२.१६८.१३७.१ झाला, आणि जुन्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलेल्या सेटिंग फुकट गेल्या.

याच्या थोडं आधी घडलेला एक प्रकार नवी मुंबईला विसरता येणार नाही. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. तो नवी मुंबईतल्या एका फ्लॅटच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतलं एक कॉलेज आणि एक कंपनी यांच्या नेटवर्कचाही असाच वापर झाला. बाहेरून एकच पत्ता दिसतो हे वर आलंच आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पोलिस बिल भरणाऱ्याच्या दारात येतात. २००९च्या सुरुवातीला मुंबईत पोलिस लॅपटॉप घेऊन उघडी वाय-फाय शोधत फिरले, आणि फेब्रुवारीत केंद्राने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या, ज्यांचा रोख असा की वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे आणि जोडणी उघडी राहता कामा नये. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर परवान्यातून मोकळी होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. ती अधिसूचना जानेवारी २००५मधली. घरगुती वापराला त्या सूचनांचा प्रत्यक्ष जाच फार झाला असं मला वाटत नाही. पण शेजाऱ्याचं उघडं नेट सर्रास वापरण्याचा जमाना तिथे संपला, आणि पासवर्ड विचारणं हा पाहुण्यांच्या चहापाण्याचा भाग झाला.

मधला टप्पा यूएसबी पोर्टवाल्या थ्रीजी राउटरचा. डोंगल राउटरला खोचायचं, नंबर राउटर फिरवणार, लॅपटॉप मोकळे. कल्पना उत्तम. अडचण अशी की कुठला राउटर कुठलं डोंगल ओळखतो याची यादी असायची, आणि कंपनीने सिमसकट दिलेलं डोंगल तिच्यात नेमकं नसायचं. शिवाय सिग्नल खिडकीत आणि राउटर प्लगजवळ, मग यूएसबीची लांब वायर ग्रिलपर्यंत ओढायची. काहींनी डोंगल स्टीलच्या गाळणीत बसवलं, म्हणे डिश अँटेनासारखं काम करतं. एखादी कांडी वाढायची खरी, पण संध्याकाळी चहाच्या वेळी नेट जायचं.

पैशाचा हिशेबही याच काळात टोचू लागला. १ जीबी थ्रीजी साधारण अडीचशे रुपयांना. मर्यादा ओलांडली की वेग कोसळायचा. एक कॉम्प्युटर होता तेव्हा हे निभत होतं. दोन झाल्यावर दोघांचे विंडोज अपडेट आणि दोघांचे अँटिव्हायरस रात्रीतून महिन्याचा कोटा फस्त करू लागले. ही जोडणी मोजून मिळते, जपून वापर, असं कॉम्प्युटरला सांगायची सोय विंडोजमध्ये २०१२पर्यंत नव्हती. आणि तेच डोंगल मे महिन्यात कोकणात गावी नेलं की घाटाखाली थ्रीजीचं चिन्ह जाऊन ई, म्हणजे आधीच्या संथ नेटची खूण, उमटायचा.

हे सगळं मिटवलं फोनने. मे २०१०च्या अँड्रॉइड २.२मध्ये वाय-फाय हॉटस्पॉट आला, आयफोनवर मार्च २०११मध्ये. अमेरिकेत या वाटपाचे वेगळे पैसे घेण्यावरून मोठा वाद झाला. तिथल्या एका कंपनीने २०१२मध्ये नियामकाशी तडजोड करत १२.५ लाख डॉलर भरले. आपल्याकडे तो वाद रंगलाच नाही, कारण कंपन्यांनी आधीच जीबी मोजून विकायला सुरुवात केली होती. कुणी वापरलं याच्याशी त्यांना काय? पण स्वस्त फोनची बॅटरी तासाभरात गरम व्हायची, म्हणून २०१५पर्यंत हॉटस्पॉट हा अडीअडचणीचाच उपाय राहिला.

सप्टेंबर २०१६मध्ये एका नव्या कंपनीने फोरजी फुकट वाटलं आणि दर पुन्हा जुन्या पातळीवर आलेच नाहीत. त्या कंपनीचं आवार घणसोलीत, कोपरखैरण्याच्या जुन्या आवाराप्रमाणेच ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून. साबणाच्या वडीएवढा राउटर तेव्हा घरोघरी पोचला. सीडीएमएवाली डोंगलं वर्ष-दोन वर्षांत निकामी होऊन ड्रॉवरमध्ये गेली. २०२०च्या टाळेबंदीत एका फोनच्या हॉटस्पॉटवर आईचं ऑफिस आणि मुलाची शाळा चालली. त्यात अडचण आली ती नंबर फिरवण्याची नव्हे, भिंतींची. ठाण्यातले नवे टॉवर मायव्हॅनचे, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून उभारलेले, आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. हॉलमधलं वाय-फाय बेडरूममध्ये पोचेना. २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा झाला होता, पण त्या लहरी भिंत भेदण्यात २.४पेक्षाही कच्च्या.

२०२३पासून सिमवरचं नेट पुन्हा घराची जोडणी म्हणून विकलं जातंय. फाइव्हजी पकडणारा डबा बाहेर गच्चीवर किंवा खिडकीत, त्याची वायर आत, आत राउटर. नंबर कुणी फिरवत नाही, बटण नाही, सिम कुठे आहे ते वापरणाऱ्याला माहीतही नसतं. आमच्या इमारतीत तो डबा बसवायला आलेला पोरगा ड्रिल मारता मारता विचारत होता, "काका, डोंगल कुठल्या बाजूला लावू?"