कुंभेतली युती आणि पॅरिसचे वैद्य

१३४८च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या थैमानात, फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने पॅरिस विद्यापीठातल्या वैद्यकाच्या पंडितांना साथीचं कारण विचारलं. त्यांनी बोट ठेवलं २० मार्च १३४५ रोजी कुंभ राशीत झालेल्या शनी, गुरू आणि मंगळाच्या युतीवर. उष्ण आणि ओलसर गुरूने जमिनीतल्या दूषित वाफा वर ओढल्या, उष्ण आणि कोरड्या मंगळाने त्या पेटवल्या, त्यातून हवा नासली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याला भोंदूगिरी म्हणणं त्या पंडितांवर अन्याय करणारं आहे. त्या काळचं पदार्थविज्ञानच ते वापरत होते. चंद्राखालच्या जगातली घडामोड आकाशातल्या गतीवर चालते, हे ॲरिस्टॉटलचं सूत्र. सूर्यामुळे ऋतू बदलतात, चंद्राबरोबर भरती येते, मग बाकीचे ग्रह स्वस्थ कसे बसतील? नवव्या शतकात बगदादच्या अबू मअशरने याच सूत्रावर ज्योतिषाची तात्त्विक बैठक उभी केली. त्याच्या ग्रंथाची लॅटिन भाषांतरं ११३३ आणि ११४०ची.

या ग्रंथात आपल्याकडचा ऐवजही आहे. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचा, म्हणजे राशीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागाचा, पुरुष वराहमिहिराने बृहज्जातक या ज्योतिषग्रंथात रंगवलाय तो काळा, लाल डोळ्यांचा, कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, परशू उगारलेला. अबू मअशरमार्फत तो इटलीत पोहोचला आणि १४७०च्या सुमारास फेरारातल्या स्किफानोइया महालाच्या भिंतीवर चितारला गेला. परशू मात्र वाटेत गळाला. तिथे त्याच्या कमरेला दोर आहे. ही ओळख १९१२मध्ये कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांनी पटवून दिली. ज्ञानाच्या प्रवासाचा इतका देखणा पुरावा क्वचितच मिळतो.

ग्रहांचा प्रभाव असतो, हे बहुतेकांना मान्य होतं. खरा वाद होता तो प्रभाव कुठवर चालतो याचा. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस ॲक्विनस याच्या मते ग्रह शरीरावर परिणाम करतात, इच्छेवर थेट नाही. पण बहुतेक माणसं वासनांच्या मागे जातात, म्हणून भाकितं बरेचदा खरी ठरतात. १२७७मध्ये पॅरिसचा बिशप एतियेन तांपिए याने २१९ प्रतिपादनांवर बंदी घातली. माणसाची इच्छा ग्रहांच्या ताब्यात असते, हे मतही त्यात होतं.

सर्वांत धारदार हल्ला चौदाव्या शतकात फ्रेंच पंडित निकोल ओरेमने केला, तोही गणितातून. ग्रहांच्या गतींचं एकमेकांशी असलेलं गुणोत्तर पूर्णांकांत मांडता न येण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे आकाशातली एखादी स्थिती हुबेहूब पुन्हा येईल, असं धरून चालता येत नाही. मग जुन्या नोंदींवरून भाकीत कशाच्या आधारे करायचं? एवढं मांडूनही, आकाशस्थ गोल प्रकाश आणि गतीच्या द्वारे पृथ्वीवर परिणाम करतात, हे ओरेम मानतच होता.